महापौर काका आणि ब्राझीलचा आपला माणूस

थांबा, हातातलं काम ठेवा आणि आधी हे ऐका. गॅसवर वरण आहे, आई आतून ओरडतेय, पण आज संध्याकाळी जे झालं ते माझ्या पोटात राहणार नाही. आणि ते सांगायचं तर आधी महापौर काका सांगावे लागतील, आणि काका सांगायचे तर माझा मूर्खपणा आलाच.

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत एक महापौर होते. खरे नाही हो! हिंगण्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. दर बुधवारी पाच वाजता ते बबलूभाऊच्या चहाटपरीजवळ, कडुनिंबाखाली, लाल प्लास्टिकची खुर्ची टाकायचे आणि तिच्यासमोर स्वतः उभे राहायचे. बसायचं ते तक्रार घेऊन येणाऱ्याने. "खुर्ची सांगणाऱ्याले," ते म्हणायचे, "ऐकणाऱ्यानं उभंच राहावं. बसला की त्याले झोप लागते." खुर्चीची पाठ मधोमध चिरलेली होती. काका मूळचे उमरेडच्या विणकर घरातले, म्हणून ती चीर त्यांनी सुताने अशी शिवली होती की नक्षीच वाटावी.

हे खूळ आलं ब्राझीलमधून. कारखान्यात एक मशीन बसवायला तिकडचा इंजिनिअर दोन महिने आला होता. तो आणि काका, दोघांचं इंग्रजी मिळून एक पूर्ण इंग्रजी होत नव्हतं, तरी त्याने आपल्या शहराच्या महापौराची सगळी कहाणी काकांना सांगितली. बसड्रायव्हरचा मुलगा, आधी डेपोत कामगार, मग युनियन, मग नगरसेवक. महापौरपदाला दोनदा उभा राहिला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा आला. आणि आल्यावर दर बुधवारी चौकात एक खुर्ची टाकून लोकांना बसवायचा आणि स्वतः उभा राहून ऐकायचा. काकांनी त्याच्याकडून खुर्चीसमोर उभ्या त्या महापौराचा फोटो मागून घेतला, लॅमिनेट केला. त्या शहराचं नाव मी एक घेते, काका दुसरंच घ्यायचे, बबलूभाऊ तिसरं. महापौराच्या नावाच्या वाटेला तर आम्ही गेलोच नाही. तो होता "आपला माणूस".

मी त्यांची पीए. पगार नाही, बुधवारी एक कटिंग. काम दोन: वहीत तक्रारी लिहायच्या आणि फोनवर भाषांतर करून आपल्या माणसाच्या बातम्या सांगायच्या. काकांकडे बटणाचा फोन. तक्रार लिहून झाली की काका म्हणायचे, "नोंद झाली. पुढं!" लोकांना त्या दोन शब्दांनीच निम्मं बरं वाटायचं. उरलेल्या निम्म्यासाठी काका गुरुवारी महापालिकेच्या झोन ऑफिसला जायचे.

तर आपला माणूस दुसऱ्यांदा महापौर व्हायला उभा राहिला. तिकडे रविवारी मतदान, इकडे सोमवारची सकाळ. मी दात घासता घासता फोन उघडला, आपला माणूस पहिल्या नंबरवर! पुढचं वाचायला मला कुठे वेळ? मी ब्रश तोंडात धरूनच गल्लीत पळाले, "काका, आपला माणूस आला!" काकांनी अर्ध्या तासात संत्रा बर्फी आणली आणि घराघरात वाटली.

"कोण झालं काका? नातू?" बबलूभाऊने विचारलं.

"महापौर झाला."

"तुम्ही?"

"आपला माणूस बे! ब्राझीलचा!"

बबलूभाऊने बर्फी खाल्ली आणि म्हणाला, "मंग आता नळाले पाणी येईन ना गा?"

आता ऐका मी काय वाचलं नव्हतं ते. तिथल्या मोठ्या शहरांत अर्ध्यापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये तीन आठवड्यांनी पुन्हा मतदान होतं. ते झालं. आणि त्यात आपला माणूस पडला.

मी सांगायला गेले, देवाशप्पथ गेले! काका स्टुलावर चढून तो फोटो झाडाला टांगत होते. वरूनच म्हणाले, "काय वं पीए, कामाले लागला का आपला माणूस?" मी म्हणाले, "लागला."

झालं. त्या एका शब्दापासून पुढचं दीड वर्ष ब्राझीलमधलं एक अख्खं मोठं शहर मी सक्करदऱ्यातून चालवलं. दर बुधवारी काका विचारायचे आणि मी ठोकायचे. आज त्याने नाल्यावर जाळ्या बसवल्या. आज शाळा सुटायच्या वेळी ट्रक बंद केले. एकदा काही सुचेना, तर मी म्हणाले की तो आता तक्रार करणाऱ्यालाच सोबत घेऊन ऑफिसात जातो. काका खूश! पुढच्या गुरुवारपासून तेही लोकांना घेऊन जायला लागले. सहा महिने लटकलेली नाल्याची जाळी त्या महिन्यात बसली. माझ्या थापेची जाळी, खऱ्या नाल्यावर. घरचा गॅस बुक करायला विसरणारी मी, परदेशात मात्र माझा कारभार चोख होता.

मग आपल्याकडे कितीतरी वर्षं लांबलेली महापालिकेची निवडणूक एकदाची लागली. आणि काकांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. "तो दोनदा पडून दोनदा येते, मी एकदा तं उभा राहतो." चिन्ह खुर्ची मागू म्हणाले. काकू घरात बोलेनाशा झाल्या, पोराने पुण्याहून फोनवर चार शब्द सुनावले, लोक तोंड लपवून हसायला लागले. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? माझ्या ब्रश तोंडात धरून केलेल्या घोषणेच्या!

अर्ज मागे घ्यायला दोन दिवस उरले होते. बुधवार होता. मी गेले आणि पहिल्यांदा लाल खुर्चीत बसले.

"तू काहून बसली वं?"

"तक्रार आहे, काका. पीएविरुद्ध."

काका समोर उभे राहिले. मी सगळं सांगितलं. रडले पण, सुंदर वगैरे नाही, नाक गळेपर्यंत. काका म्हणाले, "म्हणजे ट्रक बंद केले ते?"

"मी."

"अन् नाल्याच्या जाळ्या?"

"त्यापण मीच."

"अन् त्यानं बर्फीबद्दल थँक्यू म्हटलं होतं ते?"

मी मान खाली घातली. ते मी विसरलेच होते.

"लय फेकते वं तू," काका म्हणाले. मग झाडावरच्या फोटोकडे पाहत राहिले. "बिचारा पडला, अन् आपण त्याले साधं विचारलंही नाही दीड वर्ष." त्यांना त्याचं वाईट वाटत होतं! मी म्हणाले, "काका, अर्ज मागे घ्या ना. परवापर्यंत वेळ आहे."

"काहून? तो तिथं पडला म्हणून मी इथं घाबरू? तो दोनदा पडला तवाच मले आवडला होता, निवडून आल्यावर नाही." आणि वही माझ्यासमोर धरली. "लिही. तुयाच हातानं."

मी लिहिलं: पीए दीड वर्ष खोटं बोलली.

"नोंद झाली," काका म्हणाले. "पुढं!"

खुर्ची दुसऱ्याच उमेदवाराला मिळाली, काकांना कपबशी. "चला, बसाले नाही तं प्याले तरी भेटलं." मतं पडली दोनशे अकरा. आता गल्लीत कोणालाही विचारा, प्रत्येक जण म्हणतो मी दिलं. निकालानंतरच्या बुधवारी पाच वाजता लाल खुर्ची झाडाखाली होती, काका समोर उभे. बबलूभाऊने त्या दिवशी टोमणा मारला नाही. चहा दिला, कपबशीत.

मागच्या महिन्यात काकांचे गुडघे फारच धरले, उभं राहवेना. पोरगा येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेला. जाताना काका मला फक्त म्हणाले, "खुर्चीत बसजो नको." मी गेले चार बुधवार उभी राहतेय. तीन बुधवार कुत्रंही आलं नाही. नाही, एक कुत्रं आलं, खुर्चीखाली झोपलं.

आणि आज पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"पीए? बुधवार हाय ना वं?"

"हो काका, उभीच आहे."

"मले तक्रार सांगाची हाय. इथं सोसायटीवाले खाली खुर्ची टाकू देऊन नाही राहिले."

मला काय सुचलं माहीत नाही, मी फोन स्पीकरवर टाकला, सुताने शिवलेल्या पाठीला टेकवून लाल खुर्चीत ठेवला, आणि समोर उभी राहिले. काका वीस मिनिटं बोलले. वॉचमन, सेक्रेटरी, नियमांचा बोर्ड, सगळं. मी एकही शब्द न फेकता लिहून घेतलं. बबलूभाऊ टपरी सोडून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"नोंद झाली, काका," मी म्हणाले.

तिकडून आवाज आला, "पुढं!"

वरण करपलंय, वास येतोय. पण मला आधी सांगा, तुम्हीही असं कोणाला अर्धीच बातमी वाचून जिंकवलंय का? आणि ते निस्तरता निस्तरता त्यांचंच काम तुमच्या गळ्यात पडलंय का?