रंग ओला आहे

१२ ऑक्टोबर. सकाळीच रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांना काळा रंग द्यायला घेतला. उभे गज सोयीचे. धूळ साचत नाही, पोरं चढत नाहीत.

शेवटचा गज संपतोय तोच शेजारच्या कुसुमताई दूध घेऊन परतल्या आणि नेहमीसारखा हात गजाकडे गेला.

"ताई, रंग ओला आहे!"

"अगंबाई! आता दोन दिवस तुझी खिडकी सोवळ्यात म्हणायची."

एरवी अर्धा तास बोलणाऱ्या बाई दोन मिनिटांत निघाल्या. गुडघे थरथरत होते. खुर्ची देऊ का, विचारलं. "नको गं. बसले तर उठवायला क्रेन बोलवावी लागेल."

इतकी वर्षं मला वाटायचं, बोलण्याच्या नादात त्या गज धरतात. खरं तर गज धरता येतो म्हणून त्या बोलत थांबतात. घरी त्या एकट्याच. दिवसभरातलं बोलणं काय ते इथलंच. चोर आत येऊ नये म्हणून बसवलेलं लोखंड बाहेरच्या माणसाला उभं धरतं, हे बसवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल.

१३ ऑक्टोबर. सकाळी, त्या दुधाला जाण्याआधी, मी रॉकेलची चिंधी घेऊन एका गजाचा रंग पुसून काढला.