यादीतलं तिसरं नाव

हबीब गेल्याचं मला दूधवाल्याने सांगितलं. पातेलं पुढे करून मी दारात उभा होतो आणि तो माप ओतता ओतता सहज म्हणाला, "गुरुजी, विणकर गल्लीतले हबीबचाचा गेले. पहाटेच." पातेलं तसंच ओट्यावर ठेवून मी चप्पल पायात सरकवली. त्याला आता तीन आठवडे होऊन गेले. बुऱ्हाणपुरात त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतायत. मलाही चार शब्द लिहायला सांगितलं गेलं, कारण त्याचा सगळ्यात जुना दोस्त मीच. ते खरंच आहे. म्हणून तर हे लिहिणं इतकं जड जातंय...

आम्ही एका वर्गात होतो. त्याचं घर मागावरचं, माझं मास्तरकीचं. आमची बोली ना धड मराठी ना धड हिंदी, तापीकाठची खिचडी. शनवारा दरवाजाबाहेरच्या मैदानावर आम्ही हॉकी खेळायचो. मी बेताचाच खेळायचो, म्हणून क्लबचा सेक्रेटरी झालो. हबीब मात्र सेंटर हाफ होता आणि तसा सेंटर हाफ मी पुन्हा पाहिला नाही. तो धावतोय असं कधी वाटायचंच नाही. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच उभा असायचा. नागपूरच्या निवड शिबिरातून तो परत आला तेव्हा सगळा गाव म्हणत होता, आता हबीब परदेश दौऱ्यावर जाणार.

देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं होतं. काश्मीरात लढाई चालू होती आणि हैदराबादची पोलीस कारवाई नुकतीच आटोपली होती. हबीबचा थोरला भाऊ कराचीला गेला होता. त्याचं पत्र आलं की हबीब ते मैदानावर घेऊन यायचा आणि सगळ्यांना वाचून दाखवायचा. एकदा भावाने लिहिलं, इकडे ये, इथल्या संघात तुला घेतील. हबीब पोट धरून हसला. म्हणाला, "अर्धा खेळ इकडून खेळू, अर्धा तिकडून. गोल तर गोलच ना यार!" आम्ही सगळेच हसलो होतो.

परदेशी जायचं तर पोलिसांचा दाखला लागायचा. चौकशीला खंडव्याहून एक अधिकारी आला आणि क्लबचा सेक्रेटरी म्हणून त्याने मला बोलावलं. माझी सरकारी शाळेतली नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. टेबलावर निवडलेल्या खेळाडूंची टाइप केलेली यादी होती. हबीबचं नाव वरून तिसरं. अधिकारी आवाज न चढवता म्हणाला, "मास्तर, तुम्ही सरकारी माणूस. हा गेला तर परत येईल?" येईल, एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी म्हणालो, "त्याला भावाची पत्रं येतात." "काय म्हणतो पत्रांबद्दल?" आणि मी ते सांगितलं. अर्धा खेळ इकडून, अर्धा तिकडून. ती थट्टा होती, हे मी सांगितलंच नाही. त्याने ते वाक्य लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

शेवटची यादी आली त्यात हबीब नव्हता. तो माझ्याकडेच आला. "काय कमी पडलं रे वसंता?" तिथे तरी गप्प बसावं की नाही! पण मी म्हणालो, "उजवीकडे वळताना तू जरा हळू पडतोस. तेच पाहिलं असेल त्यांनी." त्याने मान हलवली. पुढचे दोन महिने तो तापीच्या वाळूत एकटाच उजवीकडे वळत राहिला. मग एके दिवशी स्टिक माळ्यावर टाकली आणि मागावर बसला. पुढे अन्वर, त्याचा मुलगा, शाळेच्या संघात जायचं म्हणाला, तर त्यालाही उठवून मागावर बसवलं. "आपल्या रक्तात वेग नाही बेटा," म्हणाला. मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो.

चाळीस वर्षं गेली. गेल्या वर्षी चहाच्या दुकानात आम्ही पेपर वाचत बसलो होतो. दोन्ही देशांत पुन्हा तणाव होता आणि एका संघाचा दौरा रद्द झाल्याची बातमी होती. हबीब चष्मा पुसत म्हणाला, "बिचारी पोरं. त्यांचा काय कसूर? वर्षभर घाम गाळला असेल." मला काय झालं कळत नाही. मी बोलून गेलो. तो अधिकारी, ती थट्टा, ती सही... सगळं.

मला वाटलं, शिव्या देईल, किंवा म्हणेल, जाऊ दे. त्याने वेगळंच विचारलं. "म्हणजे मी निवडलो गेलो होतो?"

"हो. यादीत तिसरं नाव."

"आणि उजवीकडचं?"

"तुझ्या उजवीकडे काहीच कमी नव्हतं, हबीब."

त्याने चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "दाखला गेला त्याचं मला काही नाही. तेव्हा किती जणांचं किती गेलं. पण तू माझा खेळच खोटा केलास, वसंता. मी पोरालाही तेच शिकवलं." तो उठून गेला. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रोज संध्याकाळी मैदानावर मात्र जाऊ लागला. पोरांना वळायला शिकवायचा. मी रस्त्याच्या पलीकडून बघायचो.

हबीब जाऊन दहा दिवस झाल्यावर मी अन्वरकडे गेलो. तो अभिमानाने सांगू लागला, "चाचा, अब्बा तिसऱ्या नंबरवर होते, मालूम आहे तुम्हाला? कुणीतरी खोटं सांगून नाव कापलं. कुणी ते मात्र अब्बांनी शेवटपर्यंत नाही सांगितलं." मी चहा संपवला आणि घरी आलो. पुन्हा एकदा गप्प. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी परत गेलो आणि माग थांबवायला लावून त्याला सांगितलं.

अन्वरने सुताची एक गाठ सोडवली. मग म्हणाला, "हे आधी सांगायचं होतं तुम्ही. जनाज्याला पहिला खांदा मी तुम्हाला द्यायला लावला."

त्याने बटण दाबलं. पॉवरलूम खडखडायला लागला. त्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही. हबीब समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचा. जन्मभर मागावर बसलेल्यांना ते जमतं, अन्वरलाही जमतं. मी त्याच्यासमोर उभा राहून बोललो, जे बोलायचं होतं ते सगळं. त्याने मान वर केली नाही.