गेटबाहेरचा बाप

हे अख्खं मी कुणालाच सांगितलेलं नाही. एक तुकडा एका साइटच्या मॉडरेटरना सांगितला, एक बाबांना. बायको शेजारच्या खोलीत आहे, तिलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही समोर नाही म्हणून असेल कदाचित.

आधी एक सांगतो — मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. गुहागरकडच्या एका वाडीतून निघालो, इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर झालो, आता कुवेतला तेलाच्या प्लांटवर आहे, महबूलात राहतो. ड्युटीवरून आलो की मराठीतल्या एका प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तरं लिहायचो. व्हिसा कसा बदलावा, इथला उन्हाळा कसा काढावा — ती सगळी माझीच होती. म्हणजे, एक सोडून.

कुणीतरी विचारलं होतं: घरातले पहिले पदवीधर तुम्ही असाल, तर तुमच्या परीक्षेच्या वेळी घरच्यांनी काय केलं?

माझ्यासाठीच होता ना हा प्रश्न? मी लिहायला बसलो आणि — काहीच नाही. माझे बाबा त्या वर्षांत इथेच, कुवेतला होते. स्लॅबच्या शटरिंगचे सुतार. रिग्गईत एका खोलीत बाकीच्या कोकणातल्या माणसांबरोबर राहायचे. माझ्या परीक्षेला ते नव्हते, संपलं. नसलेल्या बापावर लिहायचं तरी काय?

तेव्हा दुसऱ्या एका लहानशा साइटवर वाचलेलं उत्तर आठवलं. लातूरकडच्या एका बाईंचं. त्यांना मी इथे कालिंदाताई म्हणतो. त्यांच्या वडिलांना वेळापत्रक वाचता येत नव्हतं, म्हणून ते प्रत्येक पेपरला लेकीबरोबर जायचे आणि कॉलेजच्या गेटबाहेर बसून राहायचे. आत घंटा झाली की उठून उभे राहायचे, पेपर सुटला असेल म्हणून. सुटलेला नसायचा. मग पुन्हा बसायचे.

मी ते उचललं. मुलीचा मुलगा केला, लातूरचं चिपळूण केलं, खाली माझं नाव. चहा निवायच्या आत झालं.

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. माझ्या मावसभावाने ते वाडीच्या ग्रुपवर टाकलं. मी अडवलं का? नाही. बरं वाटत होतं — खोटं कशाला बोलू?

पण चोरी ही त्यातली लहान गोष्ट. मोठी पुढे आहे.

ती लहान साइट बंद पडली. काही महिन्यांनी कालिंदाताईंनी त्यांचं ते उत्तर आमच्या साइटवर टाकलं — त्यांचं, त्यांनीच — आणि माझे वाचक त्यांच्यावर तुटून पडले. "ताई, निदान बाप तरी स्वतःचा वापरा!" हे माझ्या बाजूने बोलणाऱ्याचं वाक्य. तक्रारींवर तक्रारी गेल्या. मॉडरेटरने रीतसर मला विचारलं, "सर, मूळ उत्तर तुमचंच ना?"

मी "हो" लिहिलं.

त्यांचं उत्तर काढून टाकलं गेलं. त्यांच्या नावापुढे साहित्यचोरीचा शेरा लागला, उत्तरं लिहायला बंदी झाली. मी ते सगळं पाहत होतो. एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. बोललो नाही.

मग मला त्यांचा ईमेल आला. "भाऊ, गेटबाहेर बसलेला बाप माझा आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. तो आता राहिला नाही, म्हणून जास्त लागलं. भांडायचं नाही मला. एवढंच सांगा, तुमचे वडील तेव्हा काय करत होते?"

शिवी दिली असती तर मी उलटी दिली असती. पण या प्रश्नाचं काय करायचं? लोकांना उत्तरं देत फिरणारा मी — आणि मला माहीतच नव्हतं.

शुक्रवारी सुट्टीला गावी बाबांना फोन लावला. विचारलं. तर ते हसायलाच लागले.

"अरे, उपाशी राहायचो! तुझा पेपर सुटल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असं ठरवलेलं. खोलीतले चिडवायचे, काय मास्तर, आज कुठला विषय?"

इथलं घड्याळ आपल्याकडच्यापेक्षा अडीच तास मागे. बाबांनी ते उलटं, अडीच तास पुढे धरलेलं. म्हणजे मी पेपर देऊन, जेवून झोपलेला असायचो, आणि हे इकडे कामावर डबा बंद ठेवून बसलेले. खरं तर त्यांची जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच माझा पेपर सुटलेला असायचा.

"शेवटच्या पेपराला फोरमनने सांगितलं, घड्याळ उलटं धरलंयस. फुकटच गेलं की रे सगळं!"

मग मी विचारलं, ते गेटबाहेरचं तुम्ही वाचलंत का.

"तुझ्या मावसभावाने वाचून दाखवलं ना. लोक विचारायचे, तुम्ही तर कुवेतला होतात, खरंच बसायचात काय हो? मी हो म्हणायचो, रजा काढून आलेलो म्हणून सांगायचो. म्हटलं, तुला तसा बाप हवा असेल."

माझं खोटं माझ्या बापाने वाडीभर निभावलं होतं.

त्याच संध्याकाळी मॉडरेटरना लिहिलं की उत्तर त्यांचं आहे, मी चोरलं, वर खोटंही बोललो. शेरा निघाला, बंदी उठली, त्यांचं उत्तर त्यांच्या नावाने परत लागलं. माझं खातं बंद केलं. योग्यच केलं.

कालिंदाताईंचे उपकार कसे सांगू? त्यांनी मला चोर म्हणून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी प्रश्न विचारला — आणि इतक्या वर्षांनी माझे बाबा मला भेटले. मी त्यांचा बाप पळवला, त्यांनी मला माझा आणून दिला. हे मी त्यांना लिहिलं, आधी माफी, मग हे. त्यांचं उत्तर आलेलं नाही. यावं असंही मी म्हणत नाही.

बाबांना म्हटलं, आता वाडीत खरं काय ते तुम्हीच सांगून टाका.

"मी कशाला? मी हो म्हणून बसलोय. मला खोटा पाडायचा तर तूच ये."

गणपतीला जातोय. आरतीला सगळी वाडी आमच्या घरी जमते. प्रसाद वाटायच्या आधी सांगणार आहे. बाबा तिथेच असतील.