काशीमीऱ्याला चार दिवस, चिकनचा अंदाज घेत

या वर्षी कॉलेजने मला तासिका दिल्या नाहीत, म्हणून मी नाशिकहून मीरा-भाईंदरला गेलो. मराठी शिकवणाऱ्याला जूनमध्ये काम नसेल तर ते पुढच्या जूनपर्यंत नसतं. एका सल्लागार कंपनीला घरोघरी फिरणारी माणसं हवी होती. देशाकडे पैसा येतोय, तर लोक आता किती मांस खातील, ते कुठून येईल, देशाबाहेर किती विकता येईल, असा २०२० पर्यंतचा अंदाज ती बांधत होती. माझ्या वाट्याला ऐंशी फॉर्म आले आणि हे गाव.

फिरायला म्हणून तिकडे कोणी जात नाही. कधी गेलात तर नाशिकहून बोरिवलीची एसटी घ्या. ठाण्यानंतर घोडबंदर रस्ता लागतो, उजवीकडे खाडी, डावीकडे डोंगर. काशीमीरा नाक्यावर उतरायचं आहे हे कंडक्टरला आधीच सांगा, नाहीतर तो थेट दहिसरला उतरवतो. नाक्यावर लॉज भरपूर आहेत. मी गॅरेजच्या वरचा घेतला, साडेतीनशे रुपये. मागची खोली मागा, मला हायवेकडची मिळाली. खोलीत दोन उशा होत्या आणि एक टॉवेल.

गुरुवारी पोचलो. फॉर्मचा पहिला भाग पुरवठ्याचा, म्हणून नाक्याजवळच्या चिकनच्या दुकानात गेलो. दुकान बाळाराम पाटलांचं. पन्नाशीचा आगरी माणूस, अंगात बनियन, कानात बारीक बाळी. वडिलोपार्जित भातशेती होती, ती बिल्डरकडे गेली. गुरुवार असल्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं. पिंजऱ्यात थोड्याच कोंबड्या होत्या.

"नाशिकवरनं आलाव? मंग आमच्या कोंबऱ्या न् तुमी एकाच रस्त्यानं आलाव," ते म्हणाले. "बसा."

बोकड उत्तरेकडून येतात, गुजरात-राजस्थानचे ट्रक याच हायवेने. कोंबड्यांची गाडी पहाटे. उद्या किती माल लागेल ते आज दुपारीच फोनवर सांगायचं असतं. ते कसं ठरवता, असं मी विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या पेनाने खोडलेल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारला दोन गोल. क्रिकेटची मॅच असेल तिथे बॅटीचं चित्र.

"ह्याच्यात पगारवाढ कुठे आहे?" मी विचारलं.

"पगारवार असूंदे नायतर काय असूंदे, चतुर्थीला कोन खानार?"

मागे त्यांची बायको मंदाताई कांदे निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना इचारा ना गाल्याचा. शिकलेला मानूस आयलाय."

गाळ्याची गोष्ट अशी. हायवे रुंद होणार होता, हे दुकान जाणार होतं. जमिनीच्या बदल्यात बिल्डर त्यांना एक गाळा देत होता, दोनांतला एक. मीरा रोडच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटला लागून, किंवा जुन्या गावाच्या गल्लीत. उत्तर रविवारी संध्याकाळी द्यायचं होतं. एकदा सही झाली की बदल नाही, आणि मागे शेत उरलेलं नव्हतं.

मी बॅगेतून कंपनीचा कागद काढला. त्यावर एक रेघ होती, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी. उत्पन्न वाढलं की माणूस भातावरून मांसाकडे जातो, असं मी समजावून सांगितलं. ते सगळं मला दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. पण वर्गात शिकवताना येतो तो आवाज मला आला. बऱ्याच महिन्यांनी आला.

"कॉम्प्लेक्सचाच घ्या," मी म्हणालो.

मंदाताई म्हणाल्या, "ऐकला? पंधरा वर्सं ह्या हायवेचा धुरला खाल्ला मी. आता मला काचेचा दुकान पायजे."

शुक्रवारी कॉम्प्लेक्स केलं. नाक्यावरून शेअर रिक्षा मिळते, तीन जण मागे, एक ड्रायव्हरजवळ. सात मजल्यांच्या इमारती, रंग ताजा, झाडांना अजून बांबूचे आधार. मी बेल वाजवायचो, दार साखळीपुरतं उघडायचं. घरात आठवड्याला किती किलो चिकन, मटण, मासे? "नहीं चाहिए," बहुतेक जण म्हणत, मी काहीतरी विकतोय असं समजून. एक बाई म्हणाल्या, "भैया, यहाँ ये सब मत पूछो, लिफ्ट में भी मत बोलना." दिवसभरात सत्तावीस दारं झाली. मांसाच्या रकान्यात तीन घरं सोडली तर सगळीकडे "नाही." एवढ्यावरून रेघ खोटी ठरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

एकाच घराने मला आत बोलावलं. बी विंग, चारशे दोन. तिशीचा माणूस होता, चष्मा, चेहऱ्यावर कंटाळलेली माया. त्याने पाणी दिलं, पंखा वाढवला. आतून आईने विचारलं, "कोण छे?" त्याने गुजरातीत काहीतरी सांगितलं.

"लिख दीजिए, नहीं खाते," तो माझ्याकडे वळून म्हणाला. मग सावकाश मराठीत, "तुम्ही नाशिकहून? एकटेच फिरताय?"

मी हो म्हटलं. एकटाच का, हे चार दिवसांत मला त्याच्याखेरीज फक्त एका म्हातारीने विचारलं.

ती म्हातारी उत्तनची. शनिवारी तिथे गेलो. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते, मिठागरं संपली की हवेचा वास बदलतो. बसच्या डाव्या बाजूला बसू नका, ऊन येतं. उत्तनपासून शेजारच्या पालीला चालत जाता येतं, रस्ता अरुंद, दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या की भिंतीला चिकटायचं. सगळीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते, तोंडात तोंड अडकवून. खानावळीत पापलेट महाग आहे, बोंबलाची थाळी चाळीसला मिळते, तीच घ्या.

म्हातारी बोंबील उलटत होती. गळ्यात क्रॉस, लुगडं कोळी पद्धतीचं. कोंबडी किती खाता, मी विचारलं.

"रविवारला. मिस्सा झाला की."

"आणि दोन हजार वीस साली किती खाल?" फॉर्ममध्ये तसा प्रश्न होता.

ती हसली, दात दोनच होते. "तवा मी आसन का रं? तू एकलाच आयलास? जेवलास का?"

जेवलो होतो. नसतो तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी बाळाराम पाटलांच्या दुकानापुढे हायवेपर्यंत रांग होती. मोजायला म्हणून मी आत, मंदाताईंच्या बाजूला स्टुलावर बसलो. सुरी थांबत नव्हती. "लेग पीस अलग?" "कलेजी डालू?" "अरे भाऊ, माझी कोंबडी हीच होती ना, ही बारीक वाटते." "धुतल्यावर ती पन बारीक झाली शेट, लाजली."

नववा की दहावा माणूस चारशे दोनचा होता.

"एक किलो बोनलेस. डबल थैली," तो म्हणाला.

मी त्याला पाहून खरोखर खूश झालो. त्या सगळ्या रांगेत ओळखीचा चेहरा तो एकच. मी उठून उभा राहिलो, म्हणालो, "नमस्कार! परवा भेटलो आपण."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं.

"आप किसी और को समझ रहे हैं," तो म्हणाला. काळी पिशवी घेतली, बाजूच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि रिक्षा पकडली. रिक्षा मीरा रोडकडे वळली नाही, दहिसरच्या दिशेने गेली.

"वलकीचा?" बाळाराम पाटलांनी विचारलं.

"नाही. नेहमी येतो?"

"दर रविवारी. दोस्ताकरं शिजवतात न् तिकरंच जेवतात. असे पंधरा-वीस हायेत माजे. लांबून येतात. कुठनं ते आमी इचारत न्हाय."

मी स्टुलावर बसलो. आमची चूक मला तेव्हा दिसली. आम्ही दारात उभं राहून घराला विचारत होतो, आई ऐकत असताना. माणसाला कोणी विचारलंच नव्हतं. आणि माझ्या रेघेवर विसंबून संध्याकाळी एक माणूस सही करणार होता. सांगायचं तर त्या चष्मेवाल्याला उघडं पाडावं लागणार होतं. न सांगावं तर कॉम्प्लेक्सच्या गेटवर हे दुकान बुडणार होतं.

गर्दी ओसरल्यावर मी म्हणालो, "पाटील, तुमच्या रविवारच्या गिऱ्हाइकांपैकी काही जण त्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतात."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "कोन?"

"ते नाही सांगणार."

ते बराच वेळ लाकडी ओंडका खरवडत राहिले. मग म्हणाले, "मंग न्हाय घेत तिकरं. दारात बसलो तर ह्यातला एक पन येनार न्हाय. लांब हाय म्हनून येतात."

"तुमीच बोललाव ना घ्या म्हनून!" मंदाताई माझ्यावर ओरडल्या. "गुरवारी एक, रविवारी एक!"

"चुकलो," मी म्हणालो.

त्या आत गेल्या. मी निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नाशिकला परत आलो. खोली बंद होती तशीच होती. रोज थोडे थोडे, महिनाभर फॉर्म साफ केले. शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना असतो. चारशे दोनच्या फॉर्मवर मी तो कोरा ठेवला. त्यामुळे कंपनीच्या अंदाजात त्या कॉम्प्लेक्सची मागणी जवळजवळ शून्य येणार, २०२० सालीही. मला ते ठीक वाटलं. एखाद्या माणसाचं आठवड्यातून एक जेवण अंदाजात आलं नाही तरी देशाचं अडत नाही.

फॉर्म पाठवायच्या आदल्या दिवशी बाळाराम पाटलांचा फोन आला. गल्लीतला गाळा घेतला होता, दुकान हलवलं होतं. मंदाताई अजून बोलत नव्हत्या, पण त्यांनी काउंटरला काच लावून घेतली होती.

"रविवारचे आले का सगळे?" मी विचारलं.

"आले की. पत्ता लिवून ठेवलेला जुन्या दुकानावर. एक सोडून सगले आले."

"कोण नाही आला?"

"तो चष्मेवाला. तो तर तुमी होते त्या दिसापासनं आलाच न्हाय."

फोन ठेवल्यावर मी गठ्ठ्यातून बी विंगचे फॉर्म काढले. चारशे दोन वर होता. आठवड्याला किती किलो, त्यापुढे माझ्या अक्षरात लिहिलं होतं, नाही. लिहिलं तेव्हा ते खोटं होतं.