एदेल्मिराचं पातं

आमच्या हवानाच्या चिरूट कारखान्यात एदेल्मिरा माझ्या शेजारी बसायची. चिरूट वळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण काहीही विचारा, उत्तर एकच: 'किसास', म्हणजे कदाचित. कॉफी घेतेस? किसास. कार्निव्हलला येतेस? किसास. त्यात रेडिओवर त्याच शब्दाचं एक गाणं गाजलं आणि बाईची पुरती थट्टा झाली. ती दिसली की कोणीतरी गुणगुणायचंच. मला भारी राग यायचा. बापाने आणि थोरल्या भावांनी जिचा प्रत्येक 'हो' मोडून काढला, ती दुसरं काय बोलणार?

लिसार्दो आमचा वाचक. आम्ही चिरूट वळायचो, तो मंचावर बसून मायक्रोफोनमधून कादंबरी वाचायचा. वाचन आवडलं की आम्ही तंबाखूची पानं कापायचं पातं टेबलावर वाजवायचो, नावडलं की जमिनीवर टाकायचो. त्याने एदेल्मिराला लग्नाचं आधीही विचारलं होतं. उत्तर सांगायला नकोच.

मग त्याला अमेरिकेत, टाम्पात नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी पुस्तक मिटून तो मायक्रोफोनमध्येच म्हणाला, "एदेल्मिरा, उद्या माझी बोट. येतेस माझ्याबरोबर? तोंडाने नको सांगूस, तुझं तोंड मला ठाऊक आहे. पात्याने सांग."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने पातं उचललं ते टेबलावर मारायलाच, मी शेजारून पाहिलं. पण हात घामाने भिजलेला. पातं निसटून खणकन जमिनीवर पडलं.

लिसार्दोचा चेहरा उतरला. "बरं," तो म्हणाला.

"नाही, नाही! तसं नाही!" एदेल्मिरा म्हणाली.

"मग कसं गं?" मागून जाडा सेर्वान्दो ओरडला, आणि त्याने ते गाणंच सुरू केलं. झालं! सगळा हॉल गाऊ लागला, पाती टेबलांवर आपटून ताल धरू लागला. एदेल्मिराने वाकून पातं उचललं आणि जीव खाऊन टेबलावर मारत सुटली. पण त्या गदारोळात तिचं एकटीचं कोणाला कळणार? लिसार्दो ओढूनताणून हसला, टोपी घालून मंचावरून उतरला.

"गप्प बसा रे मेल्यांनो!" मी ओरडले. कोण ऐकतंय!

गाणं संपलं तेव्हा तो दारात पोचला होता. हॉल शांत झाला, तरी एक पातं वाजतच होतं. तालात नाही, काही नाही, नुसतं ठकाठक. लिसार्दो थांबला, पण वळेना.

मग तो वळला. "ऐकलं मी," तो म्हणाला. "पुरे आता, टेबल फुटेल."

"फुटू दे," एदेल्मिरा म्हणाली.