त्रिलोकेकर काका आणि दादरचं दुकान

आमचे सी.ए. कमलाकांत त्रिलोकेकर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांनी एकही बिल मागितलं नाही. बसायला स्टूल मागितलं. परळला आमचं नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान आहे, 'गावडे ड्रेसवाले'. शाळांची गॅदरिंग, फॅन्सी ड्रेस, नमन, दशावतार, म्हणाल त्याचे कपडे मिळतात. राक्षसांच्या मुखवट्यांखाली स्टूल ठेवून काका दुपारपर्यंत बसून राहिले. कोण येतं, काय मागतं, परत आलेला कपडा कुठे जातो, सगळं बघत होते. माझे यजमान हितेंद्र आत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यो हिशोब करूक इलो हा काय चेडू बघूक?" मुलगी बघायला आल्यासारखेच बसले होते खरे.

आधीचा आमचा माणूस वर्षातून एकदा पिशवीभर बिलं घेऊन जायचा आणि 'भरलं' असा फोन करायचा. काय भरलं, का भरलं, विचारलं तर म्हणायचा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्हीही घेतलं नाही. नंतर एकदा नोटीस आली, तेव्हा तो फोन उचलेना. टेन्शन सगळं आमच्या वाट्याला आलं. सी.ए. म्हणजे असाच असतो, अशी आमची तोवर पक्की समजूत होती.

त्रिलोकेकर काका ठाकूरद्वारच्या जुन्या घराण्यातले. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, बोलणं एकदम शुद्ध आणि खायची भारी आवड. पहिल्या दिवशी मी त्यांना माझ्या डब्यातली बांगड्याची आमटी वाढली. मन लावून जेवले आणि म्हणाले, "उत्तम. फक्त तिरफळ जरा जास्त पडलंय." माझ्या आमटीत खोट काढायची हिंमत माझ्या सासूलाही झाली नव्हती. मला राग आला, पण तिरफळ जास्त पडलं होतं हे खरं होतं. त्या दिवशीच मी ओळखलं, हा माणूस तोंडावर सांगणारा आहे.

आणि तसेच निघाले. जीएसटीची तारीख उलटल्यावर बोंब मारण्यापेक्षा ते आधी फोन करायचे. गिऱ्हाइकांची डिपॉझिटं आम्ही आपलीच कमाई समजून खर्च करायचो, ते त्यांनी बंद पाडलं. "ते पैसे तुमच्याकडे पाहुणे आलेत, त्यांना नीट सांभाळा, पण ठेवून घेऊ नका," असं समजावलं. घरचा फ्रिज दुकानाच्या खात्यातून घेतला म्हणून हितेंद्रना असं झापलं की ते दोन दिवस फ्रिजकडे बघेनात. फीमध्ये घासाघीस केली की काका चहा संपवायचे आणि उठायचे. पण काही वाईट सांगायचं असलं, तर फोनवर कधी सांगितलं नाही. बस पकडून स्वतः यायचे. वाईट बातमी द्यायला माणसानं समोर बसावं, असं त्यांचं म्हणणं.

तर ही दादरच्या दुकानाची गोष्ट. मागच्या दिवाळीनंतर हितेंद्रच्या डोक्यात दुसरं दुकान शिरलं. दादरला मोक्याची जागा, शाळा जवळ, काचेचा दरवाजा. त्यासाठी मोठं कर्ज काढायचं होतं. आमची परळची खोली गहाण आणि माझ्या पाटल्याही गहाण. त्या पाटल्या माझ्या आईनं गिरणीत राबून केलेल्या. मी नको म्हटलं तर उत्तर मिळालं, "तुका धंद्यातला काय कळता गो?" बारा महिने त्यांच्या धंद्यातले कपडे धुणारी, शिवणारी मी, आणि मला धंद्यातलं कळत नाही!

नवं दुकान किती कमावेल, याचा सी.ए.च्या सहीचा रिपोर्ट बँकेला हवा होता. काकांनी सगळे आकडे बघितले आणि स्टुलावर बसून विचारलं, "हितेंद्रराव, फाटलेले कपडे कोण शिवतं?"

"ही."

"धुणं, मापं, मुकुटांना टिकल्या लावणं?"

"हीच की."

"मग यांचा पगार खर्चात कुठे दिसत नाही."

हितेंद्र हसले. "काका, ही घरचीच ना! हिका कसलो पगार?"

"दादरच्या दुकानात या असणार आहेत?"

"ही हय आसा, थय कशी जातली?"

"मग दादरला हे काम कोण करणार, आणि किती घेणार, ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही," काका म्हणाले. "एक करा. वैशालीबाईंना आठवडाभर सुट्टी द्या. जो खर्च येईल तो मी रिपोर्टात घालतो."

हितेंद्र भडकले. सही करणारे छप्पन मिळतील, असंही म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, "मिळतील. मी तुम्हाला अडवत नाही. पण खोली जाईल ती तुमची, सही करणाऱ्याची नाही." त्यावर हितेंद्र इरेला पेटले. म्हणाले, जा गो, आठवडाभर जा, दाखवतोच यांना.

मी नायगावला बहिणीकडे, शेवंतीकडे, गेले. दुकानाचा फोन उचलायचा नाही, अशी काकांची ताकीद होती. पहिल्या दिवशी मस्त झोपले. दुसऱ्या दिवसापासून हात शिवशिवायला लागले. डिसेंबर महिना, गॅदरिंगचा हंगाम, आणि मी शेवंतीकडे सिरियल बघत बसलेली. मनातून भीती होती ती वेगळीच. समजा माझ्याशिवाय सगळं सुरळीत चाललं तर? मग पाटल्याही गेल्या आणि मीही.

सुरळीत चाललं नाही. आमच्या दुकानातला राजेश रोज येऊन बातम्या द्यायचा. हितेंद्रनी एक टेलर लावला, एक मदतनीस ठेवला, धुणं लॉन्ड्रीत टाकलं. जरीचं आणि रंगाचं आम्ही कधी एकत्र धुवत नाही. लॉन्ड्रीतून लक्ष्मीचा लाल रंग सरस्वतीच्या पांढऱ्या पातळाला लागून आला. टेलरनं मावळ्यांचे चोळणे मोठ्यांच्या मापानं शिवले, ते लालबागच्या एका शाळेत ऐन लढाईत सुटले. वाघ बिनशेपटीचा गेला. त्या शाळेच्या सुचित्रा मॅडम, गेली कित्येक वर्षं आमच्याकडेच येणाऱ्या, दुकानात उभं राहून ओरडून गेल्या आणि त्यांनी पुढच्या कार्यक्रमाची ऑर्डर काढून घेतली.

आठवड्यानं मी परत आले, तेव्हा काका स्टुलावर बसले होते. हितेंद्र समोर, चेहरा उतरलेला. टेलर, मदतनीस, लॉन्ड्री, भरपाई, सगळं काकांनी शांतपणे मांडलं. मग म्हणाले, "दादरला हे रोज लागेल. हितेंद्रराव, तुम्हाला जो नफा दिसतो ना, तो नफा नाही. तो यांचा कधी न दिलेला पगार आहे."

असं माझ्याबद्दल आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. मी कपाटाच्या आड तोंड लपवलं. हितेंद्रनी फोन काढला आणि दादरच्या जागेच्या मालकाला नाही म्हणून सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला.

"उद्यापासून हिका पगार देतंय," ते म्हणाले.

"पगाराचं कागदावर वाकडं जातं," काका म्हणाले. "नवऱ्यानं बायकोला दिलेला पगार बहुतेक वेळा त्याच्याच उत्पन्नात धरतात. भागीदार करा. राबणाऱ्या भागीदाराला कामाचा मोबदला सरळ घेता येतो, आणि दुकानावर हक्कही राहतो."

हितेंद्रनी मान हलवली. काकांनी कागद पुढे ओढला आणि मला विचारलं, "वैशालीबाई, रुपयात तुमच्या हिश्श्याचे किती आणे लिहू?"

मी या दुकानात एवढी वर्षं काढली, पण त्यातलं माझं किती, हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. फार मागितलं तर वाईट दिसेल, असं वाटलं.

"चार आणे पुरेत," मी म्हटलं.

आमचा एकेक खर्च कापणाऱ्या काकांनी लिहायचं थांबवलं. पेनाला टोपण लावलं, पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कमी सांगितलंत," ते म्हणाले.

हितेंद्र एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "आठ आणे लिवा, काका. आणि नाव पयला तिचा घाला."