क्लॅरिनेटवाल्याचा उजवा हात

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते पारोळ्याच्या शाळेतल्या माझ्या कार्यानुभवाच्या बाईंचं. दहावीनंतर वडील मला दुकानात बसवणार होते. बाई तीन संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, म्हणून घरातला पहिला पदवीधर मी झालो. काजटाकाही त्यांनीच शिकवला. शिवलेलं काहीही दाखवायला नेलं, की त्या आधी उलटी बाजू पाहायच्या.

शाळेसमोर बँडवाल्यांची खोली होती. तिथला म्हातारा क्लॅरिनेटवाला सराव करू लागला, की बाईंची सुई थांबायची आणि आमचीही. तसं वाजवणारं मी नंतर कुणी ऐकलं नाही.

यंदा मे महिन्यात कळलं, की धुळ्याला राहणाऱ्या बाई कायमच्या मुलाकडे पुण्याला चालल्यात. निघायच्या दिवशी दुपारी दोनला त्यांना न्यायला गाडी येणार. जळगावात मी आठवडाभर खपून त्यांना द्यायला फेल्टच्या जाड कापडाचा बाहुला केला, तो क्लॅरिनेटवाला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, किंचित वाकलेली मान. उजवा हात काही केल्या नीट बसेना. शेवटी तो ग्लू गननं चिकटवला. कोण बघणार होतं?

त्या दिवशी धुळ्याच्या एसटीत पुढची जागा मिळाली. खोका मी इंजिनाच्या झाकणावर ठेवला. पारोळ्याला उघडून पाहतो तर झाकणाच्या उष्णतेनं गोंद मऊ होऊन हात क्लॅरिनेटसकट तळाशी पडलेला. साडेबारा झाले होते आणि धुळं तासाभरावर. हलत्या गाडीत टाका सरळ जात नाही, आणि फेल्ट उसवलं की भोक राहतं. तुटका हात घेऊन बाईंसमोर उभं राहायचं, की गाडी सोडायची? कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून माझ्याकडे पाहत होता. मी उतरलो.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, "ये, थांबते जमेल तेवढं."

कॉलरच्या आत दोरा गुंडाळलेली सुई असते, ही सवयही त्यांचीच. किल्लीनं गोंद खरवडला आणि स्टँडच्या बाकावर शिवायला बसलो. शेजारी बसलेले एक आबा बराच वेळ बघत होते.

"काय भाऊ, बाहुलानं लगीन शे का?"

बाहुल्याचं लग्न नाही, हा लग्नात वाजवणारा आहे, असं मी सांगितलं.

"मंग हात पक्का शिव. हात बिगर काय वाजाडी तो?"

घामानं सुई निसटत होती. एक टाका सैल गेला, तो तसाच ठेवावा लागला. पुढची गाडी पावणेदोनला मिळाली. पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, गाडीवाला घाई करत होता, तरी बाई वीस मिनिटं फाटकाशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाहुल्यासोबत हे पत्र पाठवलं:

आदरणीय बाई,
सा. न.
सोबत आपला क्लॅरिनेटवाला आहे. त्याचा उजवा हात मी आधी गोंदानं चिकटवला होता, म्हणून काल भेट हुकली. आता शिवला आहे. उलटी बाजू आत गेली, ती दाखवता येत नाही. काखेखाली बोट फिरवून बघा. सात टाके आहेत, पाचवा सैल आहे. उसवून परत पाठवलात तरी चालेल, मी पुन्हा शिवीन.
तुमचा विद्यार्थी